शेवटच्या टाकीतले मासे

पाहुणे यायच्या आत मेलेले मासे काढायचे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जाळी फिरवून त्याने ते उचलले, पोत्यात भरले आणि पोतं पंपघराच्या मागे ढकललं. मग बादलीतले जिवंत मासे टाकीत सोडले. सकाळीच तळ्यातून पकडून आणलेले. पाण्यात पडताच ते असे सुळकन पळाले, की घटकाभर त्याचं त्यालाच बरं वाटलं.

गावचं सांडपाणी साफ करणाऱ्या या केंद्रावर तो सुरुवातीपासून होता. शेवटच्या टाकीत मासे ठेवायची पद्धतही तेव्हापासूनची. मासे जगले तर पाणी साफ झालं म्हणायचं आणि खाली ओढ्यात सोडायचं. गाव त्याला माशांचे मामा म्हणे, आणि त्यालाही ते आवडे. पण टाक्यांमध्ये हवा सोडणारा ब्लोअर जळाला. हवा नाही तर घाण खाणारे जंतू मरतात, आणि घाण तशीच पुढे जाते. त्याने हे केंद्राच्या समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. नवा ब्लोअर येईलच, तोवर बोभाटा नको, असं ते म्हणाले. केंद्र बंद पडलं तर पहिली नोकरी कुणाची जाईल, हेही त्यांनी हसत हसत विचारलं. एकदाच म्हणून त्याने मासे बदलले. मग बदलतच राहिला.

केंद्र बघायला पाहुणे आले. शेजारच्या गावचे कारभारी, आणि त्यांच्या मागे ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीतल्या बायका. त्यांत त्याची मुलगीही होती, कडेवर नात. अध्यक्षांनी सगळ्यांना टाकीच्या कडेला उभं केलं.

"कागद काय बघायचे? आमचा दाखला पाण्यात पोहतोय."

सगळे हसले. तोही हसला. वासाबद्दल कुणी काही बोललं नाही. सांडपाण्याच्या ठिकाणी वास यायचाच, असं प्रत्येकाने धरून चाललेलं.

मुलगी त्याच्याजवळ सरकली. एरवी आजोबा दिसले की नात झेपच घ्यायची. आज तिने आईच्या खांद्यावरून मान उचलली नाही. त्याने हात पुढे केला, तर तिचा तळवा गरम लागला. पोट बिघडलंय, मुलगी म्हणाली. वस्तीतल्या सगळ्याच लहान मुलांचं बिघडलंय, हवा बदलली की व्हायचंच.

पाणी वरच्या विहिरीचंच आणता ना, असं त्याने विचारलं. विचारताना त्याला भीती वाटली.

छे, ती म्हणाली. तो चढ चढून कंबरेचे टाके ढिले व्हायचे. मागच्या वेळी बायकांनी इथे येऊन डोळ्यांनी मासे पाहिले, तेव्हापासून सगळ्या ओढ्यावरच भरतात. तिच्या आवाजात बापाचा अभिमान होता.

सगळं ओठांवर आलं होतं. पण पाहुण्यांच्या खांद्यांवरून अध्यक्ष त्याच्याकडेच बघत होते.

"उकळून देत जा गं तिला," तो हळूच म्हणाला.

मुलगी हसली. "काहीतरीच काय, बाबा. तुमचे मासे काय उकळून पितात?"

तेवढ्यात तिच्या पलीकडे, टाकीच्या कोपऱ्यात, सकाळच्यातला एक मासा वर आला. तोंड उघडं, मिटलेलं, पुन्हा उघडं. मग तो हळूहळू कुशीवर वळला.

नातीने मान उचलून तिकडे बघायला सुरुवात केली, तेव्हा तो दोन पावलं सरकला आणि त्या दोघींच्या आणि टाकीच्या मधे उभा राहिला.