वर्गीकरण

खाडीतल्या बांधकामामुळे ज्यांचं नुकसान झालं, त्या मच्छीमारांची भरपाईसाठी यादी करत सरकारी अधिकारी शर्मिला मॅडम करावे गावात पंढरीकाकांच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"काका, होडी शेवटची कधी काढलीत?"

"दोन वर्सं झाली. तुमचा काम चालू झाला तवापासून वाचमन पान्यात उतरूच देत नाय. ता बगा, वल्हा भिंतीला टांगलाय."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. मुलाचा होता, त्याचा शाळेचा प्रोजेक्ट अडला होता.

"अरे संघर्ष, पेंग्विन पक्षी वर्गातच लिही ना! उडत नाही म्हणून काय झालं? अंगावर पिसं आहेत, अंडी घालतो. पाण्यात राहून राहून त्याच्या पंखांची वल्ही झाली, एवढंच. उडायचं थांबला म्हणून कोणी त्याला पक्ष्यांतून काढून टाकतं का? वेडा कुठला!"

भिंतीवरच्या वल्ह्याकडे बघत पंढरीकाका जरा सरसावून बसले.

मॅडमनी फोन ठेवला आणि पेन उचललं.

 

"हां काका, दोन वर्षं होडी काढलीच नाही ना? मग मच्छीमारांच्या यादीत तुमचं नाव बसत नाही."