मुणग्याची शेवटची लोंबी

द्वारकाने लोंबी तळहातावर चोळली आणि नुसता भुसा उडाला. मुणगा या जुन्या लाल भाताच्या अख्ख्या खाचरात एकाही दाण्यात तांदूळ नव्हता. टरफलांना भोकं पडली होती आणि काहींत पांढरी अळी अजून वळवळत होती.

तिचा धाकटा भाऊ विश्राम बांधावर उभा होता. पिकात दूध भरत असताना त्यानेच गावभर तणनाशक पतंगांच्या, पंखवाल्या किड्यांच्या, पेट्या उघडल्या होत्या. पतंग तण संपवणार म्हणून यंदा बेणणीला, तण काढायला, कुणी खाचरात उतरलं नव्हतं.

"यांच्या अळ्या फक्त तणाचं बी खातात, असं म्हणाला होतास," ती म्हणाली.

"तणच खाल्लंय, ताई. आमच्या प्रयोगशाळेत त्यांना नव्या भाताचा वास ओळखायला शिकवलंय. तो वास नसेल ते सगळं त्यांच्या लेखी तण."

"तुला हे ठाऊक होतं?"

"होतं. किती वर्षं सांगतोय, हे जुनं बी सोड. ऐकलंस कधी?"

द्वारका घरात धावली. बियाण्याच्या कणगीचं झाकण उचलताच करड्या पतंगांचा लोट तिच्या तोंडावर आला. कोपरापर्यंत हात घातला, तरी मुठीत फोलपटंच आली. आसपासच्या गावांत मुणगा आता कुणाकडेच नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात तिने मुकाट्याने विश्रामने दिलेलं बी लावलं. बांधाच्या कडेला मात्र जुन्या सांडलेल्या दाण्यातून मुणग्याचं एक रोप उगवलं. त्याच्या लोंबीत दूध भरलं, त्या दिवशी पतंग घिरट्या घालू लागले. द्वारकाने ते हाताने हाकलले. ते पुन्हा आले. मग तिने ती हिरवी लोंबी खुडली आणि बांधावर बसून कचाकचा चावून खाल्ली.