ताटात उरलेलं

काटा पुन्हा अठ्ठ्याण्णववरच येऊन थांबला.

शिंप्याने चपला काढल्या होत्या, घड्याळ काढलं होतं, शर्टाच्या खिशातला खडूसुद्धा बाजूला ठेवला होता. काही उपयोग झाला नाही. आठ किलो उतरवले तरच डॉक्टर त्याची किडनी काढून त्याच्या धाकट्या बहिणीला बसवणार होते. तीन महिने झाले, आणि उतरला होता तो फक्त त्याचा चेहरा.

आहारतज्ज्ञ बाईंनी त्याची वही उघडली. सकाळी एक उकडलेलं अंडं. दुपारी भाजी आणि एक पाव. रात्री सूप, अर्धी वाटी भात. एकही दिवस चुकलेला नव्हता.

"ही वही खरी असेल तर तुम्ही नुसत्या हवेवर फुगताय," बाई म्हणाल्या.

"देवाशपथ खरी आहे, मॅडम. एक घास लपवला असेल तर जीभ झडेल माझी." त्याला फक्त रडू फुटायचं बाकी होतं.

वरच्या मजल्यावर बहीण डायलिसिसला बसली होती. आठवड्यातून तीनदा ती अशी बसायची. या तीन महिन्यांत तिचं वजन पाच किलोंनी घटलं होतं. तिच्या कपड्यांच्या शिवणी त्याने दोनदा आत घेतल्या होत्या. या आजारात भूक मरते, असं सगळेच सांगत. तिसऱ्यांदा शिवण आत घ्यायची वेळ येईल की नाही, याचीच आता त्याला धास्ती वाटत होती.

आणि आधी तर ती किडनी घ्यायलाच तयार नव्हती. "तुझ्या दोन पोरी आहेत. टेबलावर तुला काही झालं तर वहिनीला मी काय तोंड दाखवू?" दोन आठवडे ती त्याच्याशी कडाकडा भांडली. मग डॉक्टरांनी वजनाची अट घातली आणि ती एकदम निवळली. "बरं, आधी वजन उतरव. मग बघू," म्हणाली. पोरीने एकदाचं ऐकलं, म्हणून तो सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागला होता.

बाईंनी वही मिटली. "घरी ताटं कोण उचलतं?"

"मीच. बायकोची संध्याकाळची पाळी असते, पोरी आधीच जेवतात. मग आम्ही दोघं बहीणभाऊच."

"आणि ताटात उरलेलं?"

शिंपी गडबडला. बहिणीच्या ताटात रोज अर्धं तरी उरायचं. भात, तळलेलं अंडं, जाड लोणी लावलेला पाव. ते तो बेसिनपाशी उभ्या उभ्या तोंडात टाकायचा. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला भरवायचं आणि उरेल ते आपण संपवायचं, हे तेव्हापासून त्याच्याच गळ्यात पडलेलं काम होतं.

"ते काय खाणं झालं, मॅडम? टाकवत नाही म्हणून आपलं..."

"तोंडात गेलं ना? मग लिहा."

घरी येईपर्यंत तो स्वतःला शिव्या घालत होता. चार घासांसाठी आपण आपल्याच हाताने बहिणीचा जीव घेत होतो, आणि पत्ताही नव्हता.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. तिने निम्मं खाल्लं आणि नेहमीसारखं ताट त्याच्याकडे सरकवलं. "घे रे ढोल्या. माझ्याच्याने नाही जात."

तो ताट घेऊन उठला. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि सगळं आत लोटलं. जन्मात पहिल्यांदा त्याने अन्न टाकलं होतं.

"दादा! अरे, टाकलंस?"

"आता रोज टाकणार. तुझं उष्टं खाऊन खाऊन माझं वजन अडलंय, वेडे! आज कळलं. आता बघ, दोन महिन्यांत आठच्या आठ किलो उतरवतो की नाही."

तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. पण ती पांढरीफटक पडली. डब्याकडे बघत राहिली. मग टेबलावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली.

त्याने खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, रडतेस कशाला? जेवणावरून मी तुला बोललो का कधी? भूक नाही, त्याला तू तरी काय करणार?"

तिने डोकं वर केलं नाही.

"भूक असते रे, दादा," ती म्हणाली. "रोज असते."