वातीकडून बुडाकडे

फुंकर बसली आणि मेणबत्ती पुन्हा विझली.

"हॅपी बर्थडे!" बाबा टाळ्या वाजवत म्हणाले. "अक्का, केक कुठाय?"

"संपला," लेक म्हणाली आणि विझलेली मेणबत्ती सिंकखालच्या डब्यात टाकली. डब्यात अशा अर्धवट मेणबत्त्यांचा ढीग साठला होता. रोज संध्याकाळी वाढदिवस साजरा करणारा दुसरा माणूस जगात नसावा. अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण; ती जाऊन जमाना झाला होता. लेकीला ते ठकू म्हणायचे, पण ती हाक घरात ऐकू येईनाशी झाली होती. समोर उभी आहे ती ठकू, हे बाबांच्या गावीही नसे.

मेणबत्तीचं खूळ शेजारच्या काकूंचं. बाई एरवी अगदी व्यवहारी, भाजीवाल्याला रडवतील अशा. पण नोकरी, दुखणी, रुसवेफुगवे, सगळं मेणबत्तीवर सोपवून मोकळ्या व्हायच्या. ठकू कामावर गेली की बाबांजवळ त्याच बसत. एकदा याच टेबलाशी त्यांनी तिला रीत समजावली होती. पांढरी मेणबत्ती घ्यायची, तिला तेलाचं बोट लावायचं आणि सुईने तिच्यावर नाव कोरायचं. जे घरात यायला हवं त्याचं नाव बुडाकडून वातीकडे. जे घरातून जायला हवं त्याचं वातीकडून बुडाकडे. मग शेवटपर्यंत जळू द्यायची.

"आणि फुंकर नाही हं मारायची," काकूंनी बजावलं होतं. "फुंकर मारली की सगळं जागच्या जागी राहतं. तू आपलं बाबांच्या दुखण्याचं नाव कोर, वरून खाली. जाईल बघ."

"खरंच जाईल?"

"मनापासून कोरलंस तर."

सुई घरात होतीच. बाबांचा जन्म कोरण्यात गेला होता. शाळांच्या ढाली, स्पर्धांचे कप, निवृत्त होणाऱ्यांची घड्याळं. शहरात जो कोणी काही जिंकला, त्याचं नाव बाबांच्या हाताखालून गेलं होतं. आता त्यांना शर्टाची बाही सापडत नसे. म्हणून ती सुई तिने कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिली होती.

पहिल्यांदा कोरताना तिने दोनदा सुई खाली ठेवली. पुढे सवय झाली.

झोप मात्र तिच्या नशिबातून उठली होती. बाबा रात्री उठून दाराची कडी काढायचे, म्हणून ती दाराला पाठ लावून आडवी व्हायची. दिवसा कपड्यांच्या दुकानात अल्टरेशनचं काम. परवा तिने एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचे दोन्ही पाय खालून शिवून बंद केले. मालकीणबाई आधी हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "मला वाईट वाटतं गं, पण पुन्हा असं झालं तर येऊ नकोस." भाऊ फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त." हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नोकरी गेली तर दोघांनी खायचं काय, हे निर्धास्त माणसाला कोण विचारणार?

मेणबत्ती एकदा तरी पुरती जळावी म्हणून तिने सगळे उपाय केले. फ्रिजवर ठेवली, न्हाणीघरात ठेवली, खिडकीत पडद्याआड ठेवली. बाबांना डोळ्यांवरचा चष्मा सापडत नसे, पण मेणबत्ती बरोबर सापडायची. हातात घ्यायचे, अंगठा हळूच तिच्यावरून फिरवायचे, धंद्यातली जुनी खोड, आणि मग गाल फुगवून फुंकर.

आज मात्र तिचं अवसान गळालं. ती सिंकपाशी फरशीवरच बसली आणि रडू लागली.

"बाबा, मी फार दमलेय हो."

बाबांच्या टाळ्या थांबल्या.

"मग झोप ना, अक्का."

"कशी झोपू?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा काकू चपला घालून दारातच उभ्या होत्या. "आज अगदी शहाण्यासारखे होते गं. मघाशी तेवढे स्टुलावर चढले. मी ओरडले तशी उतरले, आणि तेव्हापासून टेबलाशी गप बसलेत."

ती आत गेली. बाबांच्या शर्टाची बटणं नीट लागली होती. समोर कोरी मेणबत्ती असावी असं तिला आधी वाटलं. मग टेबलाच्या कडेला एका जागी गोळा केलेला मेणाचा भुगा दिसला, आणि बाबांच्या बोटांत सुई.

"तुझं अक्षर लहानपणापासून कच्चं," ते म्हणाले. "रोज बघतोय. ओळ तिरकी, काने आखूड. असलं काम ढालीवर केलं असतं तर लोकांनी तोंडावर फेकलं असतं."

तिने मेणबत्ती उचलली. वातीकडून बुडाकडे, एका रेषेत, एकाच खोलीची अक्षरं. कुठल्याही दुखण्याचं नाव नव्हतं. ती रोज कोरत होती तेच होतं. बाबांचं नाव, आडनावासकट.

"बाबा..."

त्यांनी मेणबत्ती तिच्या हातातून काढून घेतली, तिला तेलाचं बोट लावलं आणि पहिल्याच काडीत पेटवली. ती धावून पुढे वाकली. फुंकर मारायला तिने गाल फुगवले तेवढ्यात बाबांनी ज्योतीसमोर तळहात आडवा धरला.

"राहू दे, ठकू," ते म्हणाले. "आज वाढदिवस नाही."