आनंदाबाईंचा राग

"काल रात्री काय जेवलात, मावशी?" डॉक्टरनं विचारलं.

"वरण-भात. वरणात मीठ नव्हतं," आनंदाबाई म्हणाल्या.

डॉक्टर खूश झाला. लकव्यातून हात उठू लागला होता, जीभ वळू लागली होती, आणि आता दवाखान्याच्या वरणातला दोषही सापडला होता. खाटेच्या पायथ्याशी त्यांचे यजमान, आंजी गावचे लक्ष्मणराव, टोपी हातात घेऊन उभे होते. बायको पास होत चालली म्हणून त्यांना बरं वाटत होतं.

"आता जुनं काही सांगा. कधीच विसरणार नाही असं."

लक्ष्मणरावांनी नजर खाली घातली. काय येणार ते त्यांना ठाऊक होतं.

"आमची कोकिळा गेली, ते सांगते. पाच वर्साची होती. ताप डोक्यात गेला, डोळे फिरवून राह्यली होती. हे कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलते. तिथं बैलबंड्यायची लाइन. मी हिरालालले, माह्या भाच्याले, सायकलीनं धाडलं, का बंडी घेऊन या, पोरीले दवाखान्यात न्या लागते. यायनं सांगितलं, उद्या नंबर लागते, आता लाइन सोडली तर पुना शेवटी उभं राहा लागन. मंग नंबर लागला. कापसाले भाव चांगला भेटला. हे घरी आले तवा पोरीले माती देऊन झाली होती."

"आणखी काही?"

"त्या साली थंडी लय होती."

"स्मरणशक्ती फर्स्ट क्लास!" असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला.

लक्ष्मणराव मान खाली घालून थांबलेच होते. ही गोष्ट एवढ्यावर कधी संपत नसे. घरी सांगितली तर एखादं भांडं आपटे, ताटातली भाकर गार होई, आणि मग आनंदाबाईंचं ते एक वाक्य येई. एकदा नात्यातल्या लग्नाच्या मांडवात आलं होतं. पवनारच्या बसमध्ये आलं तेव्हा कंडक्टरनंही वळून लक्ष्मणरावांकडे पाहिलं होतं. रोजच्या वाटेवरचा खड्डा यावा तसं ते आधीच अंग आवरून बसत. आज अंग आवरलं, आणि खड्डाच आला नाही.

त्यांनी डॉक्टरला व्हरांड्यात गाठलं. "डॉक्टरसाहेब, तिले राग काऊन नाई आला?"

"असं बघा, घडलेलं लक्षात ठेवणारी जागा वेगळी आणि त्याचं दुःख वाटणारी जागा वेगळी. दोन्ही चांगल्या आहेत. मधले तंतू तुटलेले दिसतात."

"जुडतात का पुना?"

"अवघड आहे. पण तुम्हाला काय त्रास आहे? बायकोचा राग जावा म्हणून लोक नवस बोलतात, लक्ष्मणराव."

लक्ष्मणरावांना शिकलेल्या माणसांचा आदर होता. ते थोडं हसले.

परत आले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून संत्रं सोलत होती. तिनं ऐकलं तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं.

"आनंदा, तू अजून एक म्हणत होती."

"काय?"

"'कापसाले बाप होता, माह्या पोरीले नव्हता.'" आवाज चढवून, तिच्यासारखंच म्हणायला गेले, पण शेवटच्या शब्दाशी आवाज चिरकला. सुनेचा हात संत्र्यावर थांबला.

आनंदाबाईंनी विचार केला. "हो. म्हणत होती न मी. दरसाल म्हणत होती. पण एवढी काऊन चिडत होती, ते आता नाई समजत."

"चिडून पाह्य न एक डाव."

"आता?"

"आता."

आनंदाबाई नीट बसल्या. नवऱ्यानं सांगितलं म्हणून त्यांनी म्हटलं, "कापसाले बाप होता, माह्या पोरीले नव्हता." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मग बरोबर आलं का, म्हणून लक्ष्मणरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

"उभे काऊन मंग? पाय दुखत असतीन," आनंदाबाई म्हणाल्या, आणि बऱ्या हातानं चादर सारून त्यांच्यासाठी खाटेवर जागा केली.

लक्ष्मणराव उभेच राहिले.