ठिपक्यांची लिपी

डुलूथमधल्या आपल्या नव्या एस्केप रूममध्ये, म्हणजे कोडी सोडवून ठरल्या वेळात बाहेर पडायच्या खेळाच्या खोलीत, इंग्रिडने पहिल्याच दिवशी वडिलांना, ऑर्विलना, कोंडलं आणि बाहेर मित्रांसोबत कॅमेऱ्यावर बघत बसली. भिंतीवर लाल-हिरव्या ठिपक्यांची सांकेतिक लिपी होती. कुठल्या ठिपक्यांचं कुठलं अक्षर, तेही शेजारीच मांडलेलं. तरी ऑर्विल नुसते उभेच.

"बाबा, सगळं समोर तर आहे. जरा डोकं चालवा की," ती माइकवरून म्हणाली. मित्र हसले.

वेळ संपली. ऑर्विल ओशाळं हसत बाहेर आले. "तुझं काम झकास आहे गं. माझंच डोकं चालत नाही आता."

दाराशी काढून ठेवलेले बूट घालायला ते वाकले. एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात हिरवा.

इंग्रिडची मान वर होईना. घर सोडेपर्यंत रोज सकाळी रंग बघून त्यांचे मोजे तीच जुळवून द्यायची.