पावती नसलेली गोष्ट

हेरंब दामल्याचा हिशेब सरळ होता. एडिंबरात विज्ञानकथेचं ते जाडजूड पुस्तक विकत घेतलं तर दोन दिवसांचं जेवण जाणार, उभ्या उभ्या वाचलं तर गोष्ट फुकट पदरात पडणार. पुण्यात तो असंच वाचायचा. एडिंबरातली दुकानदारीण चारदा खाकरली, तरी गड्याने शेवटचं पान गाठलंच. विमानात ती गोष्ट त्याने मांडीवरच्या पाच वर्षांच्या लेकीला, रेवाला, रंगवून सांगितली.

मुंबईला उतरल्यावर नव्या नियमाप्रमाणे परदेशातून डोक्यात काय आणलंय ते तपासणाऱ्या टोप्या दोघांच्या डोक्यांवर चढल्या. दोन्ही लाल झाल्या.

"पुस्तकाची पावती, साहेब?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"घेतलंच नाही हो. नुसतं चाळलं."

"तीनशे पानं चाळलीत? पावती नसलेली गोष्ट पुसावी लागते."

"पुसा की! पुन्हा वाचीन."

"हिचीही पुसायची आहे. कुणी सांगितली हिला?"

हेरंबने रेवाला जवळ ओढलं. "मीच. का?"

"लहान मुलांच्या डोक्यात गोष्ट आणि सांगणारा एकमेकांना चिकटलेले असतात. एकाबरोबर दुसराही निघतो."

"बाई, दंड घ्या. दुप्पट घ्या, पण तिला नको!"

"दंड घ्यायची सोयच नाही हो इथे."

"बाबा, टोपी गार लागते," म्हणत रेवा खुदकन हसली. टोपीतलं पुसायचं यंत्र क्षणभर गुणगुणलं.

हेरंबने हात पुढे केला. रेवा अंग चोरून बाईंच्या मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "हे काका कोण आहेत?"

पुस्तक हेरंबने वाचलं होतं. बाप रेवाचा गेला.